दूरचें जवळ आणणारें भिंग

ठाण्याच्या खाडींत हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, तेव्हां ते पाहावयास जाणाऱ्यांत एक गृहस्थ हमखास असतो. गळ्यांत नवा कॅमेरा, त्याला कॅमेऱ्याबरोबर मिळालेलें साधें भिंग, आणि मुद्रेवर उत्साह. डोळ्यांना पक्षी स्पष्ट दिसतात. त्यांची वांकडी चोंचहि ओळखूं येते. पण घरीं येऊन चित्र पाहावें तों विस्तीर्ण चिखल, विस्तीर्ण आकाश, आणि दोहोंच्या मध्यें गुलाबी ठिपक्यांची एक रांग! चूक कॅमेऱ्याची नसते आणि गृहस्थाचीहि नसते. मनुष्याचें मन हवें तें मोठें करून पाहतें. भिंगाला तसें मन नाहीं. मग हा गृहस्थ दुकानाची पायरी चढतो, आणि तेथें त्याला कळतें कीं, तीनशें मिलिमीटर पल्ल्याचें एक भिंग बेताच्या खर्चानें चालणाऱ्या कुटुंबालाहि झेपेल अशा किंमतींत मिळतें, आणि तितक्याच पल्ल्याचें दुसरें एक भिंग घ्यावयाचें तर कैक वर्षांची शिल्लक मोडावी लागेल. दोहोंवर कोरलेला पल्ल्याचा आंकडा तोच, दोहोंतून पक्षी दिसतो तोहि तेवढाच. मग किंमतींत एवढी तफावत कां?

या प्रश्नाचें उत्तर विक्रेत्याच्या माहितीपत्रकांत सहसा सांपडत नाहीं. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका खटपटीच्या इतिहासांत मात्र तें सांपडतें.

भिंगाचा पल्ला ज्या आंकड्यानें सांगतात त्याला केंद्रांतर म्हणतात. फार दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागें जितक्या अंतरावर रेखीव उमटते, तें हें अंतर. केंद्रांतर दुप्पट झालें कीं प्रतिमाहि दुप्पट मोठी होते. नियम सोपा आहे, पण त्याचें मोल लांबीनें चुकवावें लागतें. चोवीस इंच केंद्रांतराचें साधें भिंग लावावयाचें तर कॅमेऱ्याचा भाता दोन फूट लांब ताणावा लागे, आणि वारा सुटला कीं तो शिडासारखा हालूं लागे. यांतून सुटण्याची युक्ति केप्लर या ज्योतिर्विदानें १६११ सालींच आपल्या ‘डायॉप्ट्रिस’ या ग्रंथांत सांगून ठेवली होती. बहिर्गोल भिंगानें एकत्र आणलेले किरण एका बिंदूंत मिळण्यापूर्वीं वाटेंत एक अंतर्गोल भिंग ठेवावें. तें किरणांना किंचित् फांकवितें. त्यामुळें प्रतिमा थोडी मागें सरते आणि पुष्कळ मोठी होते. लांबी थोडी, वाढ फार, असा हा व्यवहार आहे.

छायाचित्रणांत ही युक्ति रुळावयास दोनशें ऐशीं वर्षें लागलीं. १८९१ सालीं लंडनचा टॉमस रुडॉल्फस डॅलमायर, जर्मनींतील अडॉल्फ मीटे आणि म्युनिकचा अडॉल्फ स्टाइनहाइल या तिघांनीं एकमेकांच्या मदतीवांचून एकाच सुमारास टेलिफोटो भिंगाची रचना सिद्ध केली. डॅलमायर हा भिंगें घडविणाऱ्या नामांकित बापाचा मुलगा होता, आणि या विषयावर १८९९ मध्यें त्यानें एक स्वतंत्र ग्रंथहि प्रसिद्ध केला.

या पहिल्या भिंगांविषयींची एक गोष्ट आज बहुतेक विसरली गेली आहे. त्यांचा पल्ला स्थिर नव्हता. तो बदलतां येई. नेहमींच्या भिंगामागें अंतर्गोल भिंगाची एक नळी जोडावयाची, आणि दोहोंमधील अंतर दांत्याच्या चक्रानें कमीजास्त करावयाचें, कीं प्रतिमा हवी तितकी लहानमोठी होई. म्हणजे आजचा हौशी ज्या सोयीला झूम म्हणतो, तिचें बीज टेलिफोटोच्या जन्माबरोबरच पेरलें गेलें होतें. पल्ला बदलला कीं प्रतिमेचा रेखीवपणा पुन्हां साधावा लागे, एवढेंच तिचें अपुरेपण.

पण खरी अडचण निराळीच होती, आणि तीच या सर्व इतिहासाचा कणा आहे. केंद्रांतराला भिंगाच्या तोंडाच्या व्यासानें भागलें असतां जो आंकडा येतो, त्याला छायाचित्रकार एफ-आंकडा म्हणतात. हा आंकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. सहा इंच केंद्रांतराच्या आणि पाऊण इंच तोंडाच्या भिंगाचा आंकडा आठ. त्याच्यामागें चौपट मोठें करणारी नळी जोडली कीं केंद्रांतर चोवीस इंच होतें. परंतु तोंड मात्र पाऊण इंचच राहतें. आंकडा आठाचा बत्तीस होतो, आणि प्रकाश चौथा हिस्सा न राहतां सोळावा हिस्सा राहतो. जें चित्र एका सेकंदांत निघत होतें त्याला सोळा सेकंद लागणार. डोंगराला त्याचें कांहीं वाटत नाहीं. देवळाच्या शिखरालाहि नाहीं. पण सोळा सेकंद एका जागीं बसून राहणारा पक्षी ईश्वरानें निर्माण केलेला नाहीं.

म्हणूनच त्या काळीं ज्यांना पक्ष्यांचींच चित्रें हवीं होतीं त्यांनीं भिंगाचा नाद सोडून पायांवर भिस्त ठेवली. इंग्लंडांतील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनीं पोकळ बैल बनविला, त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन शिरले, आणि कुरणांत पक्ष्यांच्या अगदीं निकट जाऊन उभे राहिले! हा प्रकार आज हास्यास्पद वाटतो खरा. परंतु हिशेब त्यांचा बरोबर होता. अंतर निम्मे केलें कीं प्रतिमा दुप्पट होते, आणि प्रकाशांत मात्र एका कणाचीहि तूट येत नाहीं.

भिंगकारांनीं यावर जो तोडगा काढला तो पल्ल्याचा लवचिकपणा सोडून देण्याचा होता. १९०५ सालीं जर्मनींतील बुश या कारखान्यानें ‘बिस-टेलार’ हें एकाच ठराविक केंद्रांतराचें टेलिफोटो भिंग बाजारांत आणलें. पुढचें आणि मागचें भिंग परस्परांसाठींच घडविलेलें असल्यामुळें दोष कमी झाले आणि तोंडहि मोठें ठेवतां आलें. पुढें कित्येक दशकें टेलिफोटो म्हणजे स्थिर पल्ल्याचें भिंग हेंच समीकरण राहिलें, आणि बदलत्या पल्ल्याची कल्पना दुसऱ्याच एका धंद्याच्या आश्रयाला गेली.

तो धंदा चित्रपटाचा. क्लाइल ॲलन या अमेरिकन माणसानें १९०२ सालीं पल्ला बदलतांनाहि प्रतिमा रेखीव राखणाऱ्या भिंगाचें पेटंट घेतलें होतें. पण तें कागदावरून कारखान्यांत यावयास तीस वर्षें गेलीं. १९३२ मध्यें बेल अँड हॉवेल कंपनीनें ‘कुक व्हारो’ हें चाळीस ते एकशें वीस मिलिमीटर पल्ल्याचें भिंग चित्रपटाच्या कॅमेऱ्यांसाठीं काढलें. असलें भिंग बांधणें हें येरागबाळ्याचें काम नव्हतें. आंतील भिंगांचे गट कमीजास्त वेगानें सरकावयाचे, आणि ते ज्या वक्र खांचांतून सरकत त्या केसभर चुकल्या तरी प्रतिमा पुसट व्हावयाची. शिवाय प्रत्येक किरणाचा मार्ग लॉगॅरिथमचीं कोष्टकें घेऊन हातानें मोजावा लागे. आणि स्थिर भिंगाला जें गणित एकदां करावें लागतें, तें येथें पल्ल्याच्या अनेक स्थितींसाठीं पुन्हां पुन्हां करावें लागे.

त्यांतच परावर्तनाची भर पडे. कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारें शेंकडा चार प्रकाश परत फिरतो. भिंगांत असे वीस पृष्ठभाग असले तर आंत शिरलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा चव्वेचाळीसच पलीकडे पोंचतो. आणि वाट चुकलेला प्रकाश भुतासारखा आंत फिरून चित्र धुरकट करितो तो निराळाच. या रोगावरचें औषध असेंच योगायोगानें सांपडलें. जुनीं, हवेनें डागळलेलीं भिंगें नव्यापेक्षां अधिक प्रकाश सोडतात, हें डेनिस टेलर या इंग्रज भिंगकाराच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ध्यानांत आलें होतें. त्याचें शास्त्रशुद्ध रूप, म्हणजे निर्वात पात्रांत भिंगावर चढविलेला अतिसूक्ष्म थर, झाइसच्या कारखान्यांत अलेक्झांडर स्माकुला यानें १९३५ सालीं सिद्ध केलें. या थराशिवाय आजचें कोणतेंहि झूम भिंग उभें राहिलें नसतें. दुकानांत भिंग तिरपें धरलें असतां त्यावर जी जांभळी-हिरवी झाक दिसते ती हीच.

युद्धानंतर अमेरिकेंत टेलिव्हिजन आला, आणि व्हिएन्नाहून तेथें गेलेल्या फ्रँक बॅक या अभियंत्यानें त्याच्यासाठीं ‘झूमर’ नांवाचें भिंग बनविलें. झूम हा शब्द मुळांत वैमानिकांच्या बोलींतला. विमान एकाएकीं उंच चढविणें हा त्याचा अर्थ. याच बॅकनें आंखलेलें आणि म्युनिकच्या किलफिट कारखान्यानें बनविलेलें छत्तीस ते ब्याऐशीं मिलिमीटरचें ‘झूमर’ १९५९ सालीं फॉइग्टलेंडरच्या नांवानें विक्रीस आलें. ३५ मिलिमीटर फिल्मच्या साध्या छायाचित्रणासाठीं नियमितपणें उत्पादन झालेलें तें पहिलें झूम भिंग. त्याच वर्षीं जपानच्या निकॉन कंपनीनें पंचाऐशीं ते अडीचशें मिलिमीटरचें टेलिफोटो झूम दाखविलें. त्याचें वजन सुमारें दोन किलोग्रॅम होतें. वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानें तें खांद्यावर वाहावें, इतरांनीं दुरून नमस्कार करावा, अशी ती चीज होती.

हौशी माणसाच्या खिशाचा विचार करणारें टेलिफोटो झूम आलें तें १९६१ मध्यें, आणि तें एका लहान कारखान्यांतून आलें. टोकियोजवळच्या उरावा गांवीं १९५० सालीं सुरू झालेली तैसेइ ही कंपनी; तिच्या भिंगांना ‘टॅमरॉन’ हें नांव मिळालें तें तिचे भिंगरचनाकार तामुरा यांच्या आडनांवावरून. या कंपनीनें १९५७ मध्येंच एक शहाणपणाची युक्ति योजिली होती. भिंगाच्या मागच्या अंगाला एकच ठराविक आटे ठेवावयाचे, आणि प्रत्येक जातीच्या कॅमेऱ्यासाठीं निराळें कडें विकावयाचें. त्यामुळें दुकानदाराला दहा कॅमेऱ्यांसाठीं दहा भिंगें ठेवावीं लागत ना, आणि ग्राहकानें कॅमेरा बदलला तरी भिंग वायां जात नसे. स्वस्ताईचा पाया अशा साध्यासुध्या गोष्टींतच असतो.

१९६१ च्या त्या भिंगाचा पल्ला पंचाण्णव ते दोनशें पांच मिलिमीटर होता, आणि एफ-आंकडा होता ६.३. सर्व मर्म या शेवटच्या आंकड्यांत आहे. कंपनीनें तोंड मुद्दाम लहान ठेवलें. तोंड लहान म्हणजे कांच थोडी, दोष थोडे, वजन थोडें आणि किंमत थोडी. पण मोबदल्यांत काय गेलें? त्याच वर्षीं निघालेल्या कोडॅक्रोम-२ या रंगीत फिल्मची संवेदनक्षमता पंचवीस होती. लख्ख उन्हांत तिच्यावर एफ ६.३ नें चित्र घ्यावयाचें तर सुमारें एकशें साठावा हिस्सा सेकंद उघडीक लागे. आणि दोनशें मिलिमीटरचें भिंग हातांत धरून हाताचा कंप चित्रांत येऊं द्यावयाचा नसेल तर, छायाचित्रकारांच्या जुन्या ठोकताळ्याप्रमाणें, निदान दोनशेंवा हिस्सा हवा. म्हणजे भर दुपारच्या उन्हांतहि ग्राहक सीमेच्या किंचित् अलीकडेच राही. ढग आला कीं तिवई काढावयाची. कृष्णधवल ट्राय-एक्स फिल्म यापेक्षां सोळापट संवेदनक्षम होती, तिच्यावर मात्र हें भिंग खुशाल चाले. रंग हवे असतील तर ऊन हवें, आणि ऊन नसेल तर रंग विसरावे, असा हा करार होता. कोणी याला कमअस्सल माल म्हणतील. तें म्हणणें न्यायाचें नाहीं. काय सोडलें हें कंपनीनें आंकड्यांत स्पष्ट कोरून दिलें होतें, आणि जें दिलें तें त्यापूर्वीं त्या वर्गाला मिळतच नव्हतें.

पुढच्या दशकांत चित्र पालटलें तें गणक यंत्रांमुळें. हातानें महिनेच्या महिने चालणारें गणित यंत्र थोडक्या वेळांत करूं लागलें, आणि मोठ्या तोंडाचें झूमहि आवाक्यांत आलें. कॅलिफोर्नियांतील पाँडर अँड बेस्ट या, स्वतःचा भिंगाचा कारखाना नसलेल्या व्यापारी पेढीनें एलिस बेटेन्स्की यांच्या संस्थेकडून रचना करवून घेतली, जपानच्या किनो कारखान्यांत ती घडविली, आणि १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ‘व्हिव्हिटार सीरीज वन’ या नांवानें सत्तर ते दोनशें दहा मिलिमीटर, एफ ३.५ असें भिंग बाजारांत आणलें. नामांकित कॅमेरा-कंपन्यांच्या भिंगांनाच खरें भिंग समजणाऱ्यांची त्यानें पंचाईत केली. या नांवाखालीं पुढें टोकिना आणि कोमिने या कारखान्यांनींहि माल पुरविला. भिंगावरील अनुक्रमांकाचे पहिले दोन आंकडे २२ असले तर तें किनोचें, ३७ असले तर टोकिनाचें, आणि २८ असले तर कोमिनेचें. जुन्या बाजारांत फिरणाऱ्याला हें ठाऊक असलेलें बरें.

हिंदुस्थानांत या सर्व घडामोडींचे पडसाद उशीरां आणि अंधुक उमटले. १९९१ च्या आर्थिक सुधारणांपर्यंत आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळें परदेशीं भिंग येथें निवडून घेण्याचा प्रश्न फार थोड्यांना पडे. आखातांतून सुटीवर येणाऱ्या आप्ताच्या पेटींतून जें येईल तें आपलें. मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणीं आजहि जीं जुनीं भिंगें हातोहात फिरत असतात, त्यांतलीं पुष्कळशीं अशाच मार्गानें या देशांत आलेलीं असावींत.

१९८५ सालीं मिनोल्टा कंपनीनें आपोआप रेखीवपणा साधणारी कॅमेरा-पद्धति यशस्वी केली आणि स्वस्त झूम भिंगाला आजचा चेहरा मिळाला. या पद्धतीचें आंतील यंत्र सामान्यतः एफ ५.६ पर्यंत भरंवशानें चाले; म्हणून स्वस्त भिंगांची लांब टोंकाची मर्यादाहि ५.६ वरच येऊन थांबली. त्या आंकड्यामागें कलेचा विचार नव्हता, तडजोडीचा होता. १९९५ मध्यें कॅननच्या पंचाहत्तर ते तीनशें मिलिमीटरच्या भिंगांत हाताचा कंप शोषून घेणारी योजना आली. बदलतां येणाऱ्या भिंगांत ती पहिलीच. आणि नव्या शतकांत फिल्म जाऊन तिच्या जागीं विद्युत् संवेदक आला. संवेदनक्षमता पंचवीसच्या ठिकाणीं बत्तीसशें ठेवून चित्र काढणें ही आतां नित्याची बाब आहे. ही वाढ एकशें अठ्ठावीस पटींची. डॅलमायरच्या नळीनें जो प्रकाश गमावला होता, तो भिंगानें नव्हे, पण भिंगामागील पडद्यानें व्याजासह परत मिळवून दिला.

आतां दुकानांत उभ्या असलेल्या त्या गृहस्थाकडे यावें. दोन भिंगांच्या किंमतींतील तफावत त्याला आतां उकलतां येईल. तीनशें मिलिमीटरला एफ ५.६ असेल तर समोरून चोपन्न मिलिमीटर व्यासाचा प्रकाशमार्ग पुरतो, एफ २.८ हवा असेल तर तो एकशें सात मिलिमीटर लागतो. प्रकाश चौपट, पण कांचेचें आकारमान जवळजवळ आठपट. आणि तेवढी मोठी कांच निर्दोष घडविण्याचा खर्च त्याहून अधिक. पल्ला दोघांचा सारखाच आहे. महाग भिंगाचे पैसे पडतात ते संध्याकाळच्या, जंगलांतल्या झाडीखालच्या आणि सभागृहांतल्या प्रकाशाचे. ज्याचे पक्षी सकाळच्या उन्हांत बसणारे आहेत त्यानें ते कां मोजावेत?

कंप शोषणारी योजना थोडे अधिक पैसे देऊन मिळत असेल तर अवश्य घ्यावी; परंतु ती आपला हात स्थिर करिते, पक्ष्याचे पंख नव्हे. उडत्या रोहिताला हजाराव्या हिश्श्याच्या आसपासच उघडीक हवी, आणि ती प्रकाशांतून किंवा संवेदकांतूनच काढावी लागते. संवेदक लहान आकाराचा असेल तर दोनशेंचें भिंग तीनशेंइतकें काम करतें, हा विक्रेत्याचा दावा चौकटींत किती मावतें एवढ्यापुरता खरा आहे. मागें जोडून पल्ला दुप्पट करणारी स्वस्त नळी मात्र टाळावी. ती १८९१ चीच नळी आहे; एफ ५.६ चा ११ करिते आणि चार हिश्श्यांतला एकच हिस्सा प्रकाश ठेविते. अठरा ते तीनशें असा अजस्र पल्ला एकाच नळींत कोंबणाऱ्या भिंगांचीहि गत साधारण तशीच: प्रवासाला सोयीचीं, पण लांब टोंकाला मिळमिळीत. स्वस्त भिंगाचा कमकुवतपणा नेहमीं लांब टोंकालाच उघडा पडतो, कारण केंद्रांतर वाढलें कीं रंगांचें विभाजनहि वाढतें, आणि तें आवरण्यासाठीं लागणारी फ्लुओराइटसारखी किंवा खास जातीची कांच महाग असते. म्हणून भिंग पारखतांना आखूड टोंकाचीं सुंदर चित्रें पाहून भुलूं नये. पांढऱ्या आकाशापुढची काळी फांदी तीनशेंवर टिपून पाहावी. कडेला जांभळी किनार दिसली तर तोंड एक पायरी लहान करून पुन्हां पाहावी. ती किनार पुष्कळशी आवरली आणि रेघ तुकतुकीत झाली, तर भिंग घेण्यासारखें आहे.

जुनें भिंग स्वस्तांत मिळत असेल तर एक पथ्य अधिक. कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत बंद डब्यांत पडून राहिलेल्या भिंगाच्या आंत बुरशी चढते. एका बाजूनें विजेरी धरून दुसऱ्या बाजूनें पाहिलें असतां कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर तें भिंग कितीहि नामांकित असो, परत करावें. ओढून पल्ला बदलणारी जुनी नळी खालीं तोंड करून धरली कीं आपोआप घसरते. तो दोष मात्र चालवून घेण्याजोगा आहे.

आणि खाडीवर जातांना भरतीची वेळ पाहून जावें. पाणी चढूं लागलें कीं उघडा चिखल आटूं लागतो, आणि त्यावर चरणारे पक्षी किनाऱ्याच्या बाजूला सरकतात. पक्षी निम्म्या अंतरावर आले म्हणजे दीडशें मिलिमीटरचें भिंग तीनशेंचें काम करतें. भरतीओहोटीचीं कोष्टकें छापील मिळतात. त्यांत तारीख पाहून सकाळच्या उन्हांत येणारी भरती निवडावी.